उस्तादांच्या दारातली गळती

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी गॅस कंपनीच्या तक्रार कक्षातून दिवसाची पहिली चिठ्ठी आली, तेव्हा उस्ताद बशीत चहा ओतत होते. चिठ्ठी ड्रायव्हरने घेतली आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"गेटसमोर रस्त्यावर गॅसचा वास. दोन महिन्यांपासून येतो. घरमालकाला वारंवार सांगूनही त्याने दखल घेतलेली नाही..."

"लोक कसे असतात बघा," उस्ताद चहाचा घोट घेत म्हणाले. "घरमालकाला नाक नाही काय? पत्ता वाच."

ड्रायव्हरने पत्ता वाचला नाही. त्याने चिठ्ठी नुसती उस्तादांपुढे धरली. पत्ता उस्तादांच्या घराचा होता आणि तक्रारदाराच्या रकान्यात त्यांच्या बायकोचं नाव होतं.

उस्ताद म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने जोडारी. जमिनीखालून जाणारे गॅसचे पाइप एकमेकांना जोडायचं काम ते एकतीस वर्षं करत होते आणि एकतीस वर्षांत त्यांचा एकही जोड गळला नव्हता. ही गोष्ट कंपनीत सर्वांना माहीत होती, कारण उस्तादांनी ती सर्वांना सांगितली होती. आठ दिवसांनी ते निवृत्त होणार होते. निरोप समारंभात द्यायच्या मानपत्राचा मजकूरही तयार होता आणि त्यातलं 'एकतीस वर्षांत एकही जोड गळला नाही' हे वाक्य उस्तादांना तोंडपाठ झालं होतं. आणि त्यांच्या गल्लीतली लाइन बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच टाकली होती. एक जोड तर बरोबर त्यांच्या गेटसमोर होता. बायकोचं नाक खरं ठरलं, तर मानपत्र खोटं ठरणार होतं.

उस्तादांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"अगं, तू तक्रार केलीस?"

"केली. घरी सांगून ऐकत नाही, म्हणून ऑफिसात सांगितलं."

"अगं पण तपासायला मीच येणार ना आता!"

"मग या की. ड्युटीवर तरी ऐकाल."

फोन ठेवून उस्ताद वळले, तर मागे मॅडम उभ्या. मॅडम गळतीशोध विभागाच्या नव्या इंजिनियर होत्या. वयाने उस्तादांच्या मुलीएवढ्या, पण कामाला वाघ. त्यांचे डोळे चमकत होते.

"उस्ताद, चांगलं झालं. आज नवं मशीन काढू."

नवं मशीन! पंधरा दिवसांपूर्वी ते दोन लाकडी खोक्यांतून आलं होतं आणि तेव्हापासून स्टोअरमध्ये प्लास्टिकच्या आवरणात बसून होतं. जाता येता माणसं दाराशी थांबून आत डोकावून जात. स्टोअरकीपर तर त्याच्या खोलीत हळू आवाजात बोलायला लागला होता. मशीनचे दोन भाग होते. एक शोधक, म्हणजे छत्रीएवढी काठी, तिच्या खालच्या टोकाला वाटीसारखं नाक आणि वरच्या टोकाला आकडे दाखवणारा छोटा पडदा. दुसरं उपसा यंत्र. ते कपडे धुण्याच्या मशीनएवढं, दोन चाकांवरचं, आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखी नळी.

"दहा लाख भाग हवेत एक भाग गॅस असला, तरी या शोधकाला कळतं," मॅडम प्लास्टिक काढता काढता म्हणाल्या.

ड्रायव्हरने डोळे विस्फारले. "म्हणजे दहा लाख माणसांच्या सभेत एकाने बूट काढले..."

"तरी कळेल."

"आणि कोणी काढले तेसुद्धा?"

"जवळ गेलं तर तेसुद्धा."

ड्रायव्हरने आपले पाय हळूच गाडीच्या चाकामागे घेतले.

अडचण आली ती धुराड्याची. जमिनीतून उपसलेला गॅस उंचावर नेऊन हवेत सोडायला चार तुकड्यांचं एक उंच धुराडं सोबत आलं होतं. स्टोअरकीपरने त्यातला एकच तुकडा काढून दिला.

"अहो, चारही लागतात," मॅडम म्हणाल्या.

"आणि एखादा चेपला म्हणजे? आज एक घेऊन जा. नीट वापरलात तर दुसरा मागा," स्टोअरकीपर म्हणाला आणि त्याने दाराला कुलूप घातलं. तक्रारीच्या जागी तासाभरात पोचलंच पाहिजे असा नियम होता. वाद घालायला वेळ नव्हता.

गाडी गल्लीत शिरली, तेव्हा उस्तादांची बायको गेटपाशी हाताची घडी घालून उभी होती. कामावरची सगळी माणसं तिला वहिनी म्हणत. आज मात्र ती कुणाची वहिनी नव्हती, तक्रारदार होती. उस्तादांनी डोक्यावर हेल्मेट चढवलं, घसा खाकरला आणि नियमाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला.

"तक्रारदार कोण?"

"ओळखलं नाहीत का?"

"अगं, विचारावं लागतं. वास कुठे येतो?"

"इथे. गेटच्या उजव्या बाजूला. संध्याकाळी जास्त येतो."

"मातीचा असेल. पाऊस पडून गेला की..."

"पाऊस पडून चार महिने झाले," तक्रारदार म्हणाली.

गेटच्या उजव्या बाजूला एक पिवळा फलक उभा होता. 'सावधान! येथे खोदू नका. खाली गॅसवाहिनी आहे.' असे फलक कंपनीने गावभर लावायला काढले होते. पण गावातले बाकीचे फलक आणि हा फलक यांत फरक होता. कंपनीच्या फलकाचा पाय आखूड असतो, गुरं घासली तरी हलतो, म्हणून उस्तादांनी आपल्या दारातल्या फलकाला चार फुटी लोखंडी अँगलचा पाय स्वतः जोडून घेतला होता. त्याला घासून भाल्यासारखं टोक काढलं होतं आणि एका रविवारी घणाचे घाव घालून तो रोवला होता. "वादळ आलं तर घर जाईल, बोर्ड जायचा नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रोज सकाळी पेपर वाचताना ते या फलकाला टेकून उभे राहत.

मॅडमनी आधी घरात जाऊन शोधक फिरवला. स्वयंपाकघर, मोरी, जिन्याखालची जागा, सगळीकडे शून्य. उस्तादांचा चेहरा खुलला. मग त्या रस्त्यावर आल्या. शोधकाचं नाक जमिनीलगत धरून त्या गेटकडे सरकायला लागल्या, आणि ते इवलंसं यंत्र आधी थांबून थांबून, मग भराभर आणि शेवटी श्वास न घेता ओरडायला लागलं.

"नवं आहे," उस्ताद म्हणाले. "घाबरलं असेल."

"भोकं पाडावी लागतील," मॅडम म्हणाल्या.

पद्धत अशी असते. लाइनच्या कडेने ठरावीक अंतरावर जमिनीत बोटभर रुंदीची भोकं पाडायची, प्रत्येकात शोधकाची नळी सोडायची, आणि जिथे आकडा सर्वांत मोठा तिथे खोदायचं. ड्रिलवाला ड्रिल घेऊन पुढे झाला.

"लाइन नेमकी कुठून गेलीय?" त्याने विचारलं.

"बोर्डापासून मोज," उस्ताद अभिमानाने म्हणाले. "तो बरोबर लाइनच्या डोक्यावर आहे. इंचाचा फरक निघाला तर मिशी उतरवीन. मी स्वतः मोजून लावलाय."

मग सगळं फलकापासूनच मोजलं गेलं. फलकाच्या डावीकडे तीन भोकं, उजवीकडे तीन आणि एक फलकाच्या पायाशी, पण पाइपला धक्का लागू नये म्हणून वीतभर बाजूला. खडूने त्यांना एक ते सात असे आकडे घातले. मॅडमनी आपलं हेल्मेट फलकाच्या कोपऱ्याला अडकवलं. ड्रायव्हरने डबा अडकवला. मॅडम भोकाभोकात नळी सोडत आकडे सांगत गेल्या. एकतीस टक्के. तेहतीस. बत्तीस. तेहतीस. बत्तीस. बत्तीस. एकतीस.

"सगळीकडे सारखंच," ड्रायव्हर म्हणाला.

"सगळीकडे म्हणजे कुठेच नाही," उस्ताद म्हणाले. "चला, आवरा."

"सगळीकडे म्हणजे सगळीकडेच," मॅडम म्हणाल्या. "उस्ताद, दोन महिने गॅस मुरतोय इथे. मातीच्या कणाकणांत भरून राहिलाय. गळती एका टाचणीएवढ्या जागेतून असेल, पण तो गॅस आता या सगळ्या जमिनीत हिंडतोय. हा साचलेला गॅस आधी उपसायचा. जमीन रिकामी झाली की गप्प उभं राहायचं आणि बघायचं, पहिल्यांदा कुठल्या भोकात परत येतो. जिथे परत येईल, तिथे गळती."

उस्ताद खाली वाकले आणि त्यांनी फुटपाथवर तळहात ठेवला. एकतीस वर्षं ते जमिनीत पाइप पुरत आले होते. जमीन म्हणजे खोदायची आणि बुजवायची वस्तू, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ती अशी श्वास कोंडून धरते, आपण रोज तिच्यावर उभं राहून पेपर वाचतो आणि ती पायाखाली भरलेली असते, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांच्या हातावर शहारा आला. तो कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी बाही खाली ओढली.

आता प्रश्न उरला धुराड्याचा. एका तुकड्याने गॅस माणसांच्या नाकासमोर सुटला असता. उपाय उस्तादांनीच काढला.

"आमच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीचा खांब आहे. चांगला उंच आहे. त्याला बांधू."

"माझ्या दोरीच्या खांबाला?" वहिनी म्हणाल्या. "आत्ताच चादरी वाळत घातल्यात."

"दोन तासांचा प्रश्न आहे गं. कंपनीचं काम आहे."

नळी भिंतीवरून गच्चीवर गेली. एकुलता एक तुकडा तारेने खांबाला बांधला गेला. खाली नळी वाऱ्याने हलू नये म्हणून एक दोरखंड फलकाला आवळला. "याच्याइतकं घट्ट गल्लीत दुसरं काही नाही," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी गाठ ओढून दाखवली. मॅडमनी खटका दाबला. उपसा यंत्र विजेवर नव्हतं, ठिणगी उडू नये म्हणून दाबाच्या हवेवर चालणारं होतं. ते घुमायला लागलं तसे पायाखालचे दगड हलके थरथरले. गल्लीतली माणसं गेटागेटाशी येऊन उभी राहिली. जमिनीच्या पोटातून काहीतरी वर खेचलं जात होतं. ते दिसत नव्हतं, तरी सगळे गच्चीकडे बघत होते.

पंधरा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग मॅडमचा फोन वाजला. तक्रार कक्षातून.

"मागच्या गल्लीतून गॅसच्या वासाची तक्रार आहे."

पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. मागच्या गल्लीतून आणखी तीन. मग आणखी सहा. आणि प्रत्येक फोनसरशी उस्तादांची मान थोडी थोडी ताठ होत गेली.

"बघा मॅडम! मी म्हणत नव्हतो? उगम मागच्या गल्लीत आहे. तिकडनं गॅस सरपटत सरपटत माझ्या दारात आलाय. मागची लाइन माझी नाही. ती दुसऱ्याने टाकलीय, त्याचे जॉइंट मी बघितलेत. नाव घेत नाही."

"पण उस्ताद, आधी हे पुरं..."

"हे चालू दे की. उपसू दे. आपण तिकडे जाऊ."

उस्तादांनी ड्रिलवाल्याला हाताला धरून चालवलंच. मागोमाग शोधक घेऊन मॅडम आणि ड्रायव्हरही निघाले. मागच्या गल्लीत रस्ताभर माणसं होती. कुणी नाकाला रुमाल लावला होता, कुणी लहान मूल कडेवर घेऊन उभं होतं. सर्वांत पुढे होते एक निवृत्त मास्तर. पहिली तक्रार त्यांचीच होती. त्यांच्या कुंपणालगत गुलाबाचा ताटवा होता आणि लाइन नेमकी त्या ताटव्याखालून गेली होती.

"पाडा भोकं," उस्ताद म्हणाले.

"माझ्या गुलाबांत?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"मास्तर, जीव मोठा की गुलाब?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला, यावरूनच गुलाब केवढे मोठे होते ते कळतं. भोकं पडली. एक, दोन, पाच, नऊ. मॅडमनी नळी सोडली. शून्य. शून्य. शून्य. नऊच्या नऊ भोकांत शून्य. जमीन कोरडी ठणठणीत होती आणि वास तर नाकात बसला होता.

"जमिनीत नाही म्हणता, मग वास येतोय कुठून?" मास्तर कडाडले. "आभाळातून पडतोय?"

उस्तादांनी खरंच आभाळाकडे पाहिलं. तिथे त्यांना काही दिसलं नाही.

तेवढ्यात कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. एका तासात एकोणीस तक्रारी म्हणजे मोठा प्रकार आहे, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी मागच्या गल्लीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला, दुसरी तुकडी पाठवली आणि स्वतः निघाले. व्हॉल्व्ह बंद झाला. त्रेचाळीस घरांतल्या शेगड्या एकदम विझल्या. कुणाचा कांदा अर्धवट परतला होता, कुणाच्या आंघोळीचं पाणी कोमट राहिलं. ती सगळी माणसंही रस्त्यावर आली. दुसरी तुकडी आली आणि तिनेही भोकं पाडायला सुरुवात केली. आता मागच्या गल्लीत चोवीस भोकं होती आणि चोवीस शून्यं.

"लाइन बंद केली तरी वास तसाच!" ड्रायव्हर कुजबुजला. "उस्ताद, हे काहीतरी वेगळंच आहे."

उस्तादही आता हादरले होते. पाइपमध्ये गॅस नाही, जमिनीत गॅस नाही, आणि हवा मात्र भरलेली. पण त्या धास्तीच्या तळाशी त्यांना एक गोड गारवाही वाटत होता. जे काही होतं, ते त्यांच्या जोडाचं नव्हतं.

अशा वेळी गर्दीतून वाट काढत वहिनी आल्या. त्यांच्या हातात एक चादर होती. ती त्यांनी सरळ उस्तादांच्या नाकाखाली धरली.

"हुंगा."

"अगं, इथे काय चाललंय..."

"हुंगा म्हणते ना."

उस्तादांनी हुंगलं. चादरीला गॅसचा झणझणीत वास येत होता.

"गच्चीवर कपडे काढायला गेले होते," वहिनी मॅडमना म्हणाल्या. "सगळ्या चादरी यांच्या धुराड्यासमोर फडफडताहेत. आणि वाऱ्याने उडताहेत त्या सरळ या मास्तरांच्या गुलाबांकडे. मी काही इंजिनियर नाही. पण गॅस तुम्ही आमच्या जमिनीतून काढताय आणि माझ्या गच्चीवरून इथे वाटताय, असं मला वाटतं."

मागच्या गल्लीत अशी शांतता पसरली की पलीकडच्या गल्लीतलं उपसा यंत्र ऐकू यायला लागलं. ते बिचारं दोन तास इमानेइतबारे घुमत होतं. चार तुकड्यांचं धुराडं असतं, तर गॅस उंच जाऊन विरला असता. एका तुकड्यातून आणि एका दोरीच्या खांबावरून तो चादरींना चाटून मास्तरांच्या दारात उतरत होता. मास्तरांनी आभाळातून पडतोय का म्हणून विचारलं होतं, ते अगदी बरोबर होतं.

मॅडमनी मोठ्या साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "वाटेतूनच परत फिरतो आणि स्टोअरकीपरला घेऊन येतो. उरलेले तीन तुकडे त्याच्या डोक्यावर देऊन आणतो."

यंत्र बंद केलं. बघता बघता मागच्या गल्लीतला वास विरला. व्हॉल्व्ह उघडला, शेगड्या पेटल्या. पण कुणी घरी जाईना. त्रेचाळीस घरांतली माणसं उस्तादांच्या दारात जमली, कारण मॅडमनी सांगून टाकलं होतं की आता खरी वेळ आहे. दोन तासांच्या उपशाने जमीन पार रिकामी झाली होती. सात भोकं, सातही शून्य.

"आता कुणी बोलू नका," मॅडम म्हणाल्या. तशी काही गरज नव्हती. शोधकाला कान नसतात. पण सगळे गप्प झाले.

पाच मिनिटं झाली. मॅडम गुडघ्यांवर बसून एका भोकातून दुसऱ्या भोकात नळी नेत होत्या. शून्य. शून्य. शून्य. मास्तर टाचा उंचावून बघत होते. सात मिनिटं. आठ. चौथ्या भोकात नळी गेली आणि पडद्यावरचं शून्य पुसलं गेलं. तिथे एक आला. मग तीन. मग सात. बाकी सहा भोकं गप्प होती, आणि हे एकच, बोटभर रुंदीचं, काळोखातून वर काहीतरी पाठवत होतं. बारा. एकोणीस.

"अरे बाप रे," ड्रायव्हर हळूच म्हणाला. आणि खरंच, सगळ्यांच्या अंगावर काटा आला. तीन फूट मातीच्या खाली, कुणाच्याही डोळ्याला न दिसणारी एक टाचणीएवढी जागा, आणि तिने आपण होऊन हाक दिली होती. मास्तरांनी नकळत चष्मा काढून पुसला. इतकं सुंदर काम उस्तादांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग त्यांच्या लक्षात आलं, चौथं भोक म्हणजे त्यांचा जोड.

त्यांचा चेहरा उतरला. ते स्वतःच खड्ड्यात उतरले. फावडं त्यांनी कुणाला दिलं नाही. दोन फुटांवर त्यांनी फावडं ठेवलं आणि हाताने माती काढायला लागले. पिवळा प्लास्टिकचा पाइप दिसला. मग जोड दिसला. त्यावर बारा वर्षांपूर्वी काळ्या पेनाने लिहिलेला उस्तादांचा क्रमांक आणि तारीख तशीच होती. प्रत्येक जोडावर ते असा क्रमांक आणि तारीख लिहीत. मॅडमनी साबणाच्या पाण्याची बाटली खाली दिली. उस्तादांनी जोडावर पाणी ओतलं.

एक बुडबुडा नाही. जोड नव्या नवरीसारखा लखलखीत.

"बघा!" उस्ताद खड्ड्यातूनच ओरडले. "बघा, मास्तर! बघ गं! एकतीस वर्षं! काय बोललो होतो मी? आहे का बुडबुडा? आहे का?"

"अहो," वहिनी म्हणाल्या, "जरा डावीकडे."

साबणाचं पाणी पाइपावरून ओघळत डावीकडे वीतभर गेलं होतं आणि तिथे ते दुधासारखं उकळत होतं. उस्तादांनी माती बाजूला केली. बुडबुड्यांच्या मधोमध एक लोखंडी टोक पाइपमध्ये नखभर रुतलेलं होतं. भाल्यासारखं टोक. छान घासलेलं.

उस्तादांची नजर त्या टोकावरून वर चढायला लागली, आणि काठावरच्या पन्नास-साठ माणसांचीही तशीच चढली. टोकावरून अँगलवर, अँगलवरून मातीच्या वर, मॅडमचं हेल्मेट, ड्रायव्हरचा डबा, आणि शेवटी पिवळ्या पत्र्यावरची काळी अक्षरं. 'सावधान! येथे खोदू नका. खाली गॅसवाहिनी आहे.'

कुणी हसलं नाही. ते हसण्याच्या पलीकडचं होतं. इंचाचाही फरक निघाला नव्हता, त्यामुळे मिशी मात्र वाचली होती.

"तरीच," उस्ताद त्या टोकाला बोट लावून म्हणाले. "शेवटचा घाव जरा सहज गेला होता."

"दोन महिन्यांपूर्वीचा रविवार," वहिनी म्हणाल्या. "सोमवारी मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं."

पाइपवर चिमटा बसवून गॅस अडवला, तुकडा बदलला. नवे जोड उस्तादांनीच केले आणि त्यांवर क्रमांक व तारीख घातली. मोठे साहेब आले, त्यांनी खड्डा बघितला, फलक बघितला आणि सरळ गाडीत जाऊन बसले. मागे स्टोअरकीपर तीन तुकडे छातीशी धरून उभा होता. मॅडमनी अहवालाचा कागद काढला.

"गळतीचं कारण. तीन पर्याय आहेत. सदोष जोड, गंज, किंवा बाहेरील व्यक्तीकडून इजा." त्यांनी तिसऱ्यावर खूण केली आणि त्या थोड्या घुटमळल्या. "इथे त्या बाहेरील व्यक्तीचं नाव लिहावं लागतं."

"बाहेरची कुठली?" वहिनी म्हणाल्या. "घरातलीच आहे."

उस्तादांनी मॅडमच्या हातून पेन घेतलं. जोडावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत त्यांनी आपलं नाव, क्रमांक आणि तारीख लिहिली. मग अहवालातली शेवटची ओळ स्वतःच वाचली. तक्रारदाराचं समाधान झालं आहे काय? त्यांनी हेल्मेट काढलं आणि ते बायकोसमोर उभे राहिले.

"झालं का समाधान?"

वहिनींनी दारातला खड्डा, सात भोकं आणि तीन वास मारणाऱ्या चादरी यांच्याकडे बघितलं. "दोन महिन्यांनी का होईना, ऐकलंत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

"मानपत्रातलं वाक्य तसंच ठेवते, उस्ताद," मॅडम गाडीत चढताना म्हणाल्या. "ते खरंच आहे. एकही जोड गळला नाही."

"ठेवा," उस्ताद म्हणाले. "पण खाली अजून एक ओळ टाका. यंत्राच्या आधी दोन महिने हिला कळलं होतं. दहा लाखांत एक, ते यंत्र. हिचा आकडा अजून कुणी मोजलेला नाही."

त्या संध्याकाळी उस्ताद पेपर घेऊन आतल्या खुर्चीत बसले होते. बाहेर टेकायला आता काही उरलं नव्हतं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, कसला तरी वास येतोय."

उस्तादांनी पेपर खाली ठेवला आणि दुसरा शब्द न बोलता बूट चढवायला घेतले.

"अहो, कुठे निघालात? दूध खाली लागलंय, दुसरं काही नाही."

"असू दे," उस्ताद नाडी बांधत म्हणाले. "तू म्हणालीस ना? एकदा बघून येतो."